एकच मारियो, दोन वेग: नाशिकमधल्या एका स्पर्धेतल्या वादाचा प्रकरण अभ्यास

दुपारी साडेबाराला फळ्यावर अठराही जणांचे निकाल लिहून झाले. जेवणाची पानं मांडायला सुरुवात झाली होती. तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं, की खेळ पूर्ण केलेल्यांच्या यादीत टेबल दोनवरची सगळी नावं ओळीने तळाशी आहेत. सहाच्या सहा. त्यांत सातपूरच्या कारखान्यात काम करणारे एक पंचेचाळिशीचे गृहस्थ होते. गटात मारियोचा सगळ्यात पक्का हात त्यांचाच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची वेळ होती ७ मिनिटे १४ सेकंद. टेबल एकवर खेळलेल्या, जेमतेम वर्षभरापूर्वी हा खेळ हाती घेतलेल्या एका कॉलेजच्या मुलीची वेळ होती ६ मिनिटे २१ सेकंद.

"काका, तुम्ही एकदाही पडला नाहीत. मी दोनदा पडले," ती मुलगीच म्हणाली. वाद तिथून सुरू झाला. तो हरलेल्याने नाही, जिंकणाऱ्या मुलीने उघड केला, आणि पुढचं सगळं नीट पार पडायला हीच गोष्ट कारणी लागली.

गट आणि स्पर्धा

हा गट वीस-पंचवीस जणांचा आहे. निमित्त एकच, 'सुपर मारियो ब्रदर्स' ही मालिका. तिचा पहिला खेळ १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये फॅमिकॉम या यंत्रासाठी आला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांची रचना, कोजी कोंदो यांचं संगीत. पूर्ण खेळ ४० किलोबाइटमध्ये बसतो, ३२ किलोबाइट प्रोग्रॅम आणि ८ किलोबाइट चित्रं. आठ जगं, प्रत्येकात चार स्टेज, एकूण ३२. नाशिकमध्ये तो आला तो मूळ यंत्रावर नव्हे. नव्वदच्या दशकात दुकानांत मिळणाऱ्या, फॅमिकॉमची नक्कल असलेल्या 'टीव्ही गेम'वर, पिवळ्या-काळ्या कॅसेटमधून आला. गटातले चाळिशीपुढचे सगळे त्या टीव्ही गेमवर वाढले. विशीतले बहुतेक जण मूळ खेळाकडे नंतर, वेळेच्या शर्यतींचे व्हिडिओ पाहून वळले. या दोन पिढ्यांचा मारियो एकच नव्हता, हे त्या मे महिन्यातल्या रविवारपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीचा हॉल सकाळी दहा ते संध्याकाळी पाच मिळाला होता. नियम साधे होते. १-१ (पहिल्या जगाची पहिली स्टेज) पासून ८-४ पर्यंत, वॉर्प, म्हणजे मधली जगं ओलांडून नेणारे पाइप, वापरायला मोकळीक. म्हणजे १-२ मध्ये छतावरून चालत जाऊन चौथ्या जगाचा पाइप, ४-२ मध्ये एका विटेतून निघणारा वेल चढून आठव्या जगाचा पाइप. अशा वाटेने ३२ पैकी फक्त आठ स्टेज खेळाव्या लागतात. वेळ सुरू होते ती पडद्यावरच्या घड्याळात ४०० दिसल्याच्या क्षणी, आणि थांबते ती ८-४ मध्ये मारियोने पुलाच्या टोकाच्या कुऱ्हाडीला हात लावला की. याच मोजणीने २०२१ मध्ये निफ्टस्की नावाने खेळणारा खेळाडू जगात पहिल्यांदा ४ मिनिटे ५५ सेकंदांच्या आत आला होता. प्रत्येकाला २५ मिनिटं आणि त्यात बसतील तेवढे प्रयत्न, सर्वांत चांगला धरायचा. तीन टेबलं, प्रत्येकावर सहा जण, सहा पंचवीस दीडशे मिनिटं. साडेबाराला फेरी संपणार हा हिशोब बरोबर होता. टेबलं वाटली चिठ्ठ्या टाकून, आणि चिठ्ठीमुळे सगळं न्याय्य झालं असं सगळ्यांना वाटलं.

तीन टेबलांवर काय होतं

टेबल एकवर जपानहून आणलेला मूळ फॅमिकॉम आणि २१ इंची डबा टीव्ही. मूळ फॅमिकॉमला फक्त अँटेनाची वायर असते आणि ती जपानी चॅनेलवर चालते. आपल्या टीव्हीला ते चॅनेल सापडत नाहीत, म्हणून आतून एव्हीची पिवळी-पांढरी पिन काढून घेतलेली होती. त्याचा जपानी अडॅप्टर १०० व्होल्टचा असतो, आपल्या २३० व्होल्टवर लावला की जळतो. त्याऐवजी ९ व्होल्ट डीसी, १ अँपिअरचा अडॅप्टर लावला होता. यात एक गोष्ट कटाक्षाने पाहायची: फॅमिकॉमला पिनच्या मधोमध ऋण टोक लागतं. बाजारात सहज मिळणारे अडॅप्टर बहुधा उलटे, मधोमध धन असलेले असतात. टीव्ही अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारातून आणलेला, पण एव्हीवर एनटीएससी, म्हणजे जपान-अमेरिकेच्या टीव्ही पद्धतीचे, रंग दाखवणारा होता. फक्त पाल, म्हणजे आपल्याकडची पद्धत, चालणाऱ्या टीव्हीवर जपानी यंत्राचं चित्र कृष्णधवल दिसतं.

टेबल दोनवर नव्वदच्या दशकात इथेच विकत घेतलेला टीव्ही गेम, १४ इंची डबा टीव्ही आणि अनेक खेळांची एक कॅसेट. टेबल तीनवर अलीकडे घेतलेलं नकली यंत्र आणि ३२ इंची एलसीडी. मधे एव्हीचं एचडीएमआय करणारी छोटी पांढरी डबी.

मांडणी करणाऱ्यांनी सकाळी प्रत्येक टेबलावर चित्र येतंय, आवाज येतोय, रिमोटची, म्हणजे खेळायच्या कंट्रोलरची, सगळी बटणं चालताहेत, एवढं तपासलं. वेग तपासावा असं कुणाच्या मनात आलं नाही.

पहिले अंदाज आणि ते का चुकले

टेबल दोनवर मारियो "सुस्त" आहे हे सकाळपासून दोघांनी म्हटलं होतं. त्यावर मिळालेलं उत्तर होतं, "अडॅप्टर जुना आहे, करंट कमी पडत असेल." अशी समजूत सर्वत्र आहे आणि ती पार चुकीची आहे. या यंत्राचा वेग क्वार्ट्झ स्फटिकावर ठरतो, व्होल्टेजवर नाही. अडॅप्टरचा ९ व्होल्ट आतल्या ७८०५ रेग्युलेटरमधून जाऊन ५ व्होल्ट होतो. अडॅप्टर खराब झाला की चित्रात आडवे पट्टे सरकतात, आवाजात गुणगुण येते, यंत्र मधेच पुन्हा सुरू होतं किंवा मुळात चालतच नाही. मारियो हळू चालत नाही. तरी खात्री म्हणून टेबल एकचा अडॅप्टर टेबल दोनला लावण्याची सूचना आली. ती थांबवावी लागली, कारण पिनची धन-ऋण बाजू दोन्हींची उलट होती. त्याऐवजी घरून दुसरा, योग्य बाजूचा अडॅप्टर आणला. फरक पडला नाही.

दुसरा अंदाज कॅसेटचा, आणि तो तेवढा बिनबुडाचा नव्हता. अनेक खेळांच्या कॅसेटवर मारियो पाच-सहा वेळा वेगवेगळ्या नावांनी असतो. कुठे पाचव्या जगापासून सुरुवात, कुठे जास्त लाइफ, कुठे उडी बदललेली. म्हणून स्पर्धेसाठी कॅसेट निवडताना पाहायचं ते असं: सुरुवात १-१ पासून आणि तीन लाइफ, १-१ चं घड्याळ ४०० पासून आणि ८-१ चं ३०० पासून. टेबल दोनच्या कॅसेटवर हे सगळं बरोबर होतं. तरी टेबल एकची कॅसेट काढून टेबल दोनमध्ये भरली. दोन्ही यंत्रांना ६० पिनांचीच कॅसेट लागते, त्यामुळे ती बसली. मारियो तसाच हळू. मग टेबल दोनची कॅसेट टेबल एकमध्ये भरली, तर तिथे तो चपळ.

एका वेळी एकच वस्तू बदलायची, बाकी सगळं जागच्या जागी ठेवायचं. या पद्धतीने अर्ध्या तासात दोन संशयित सुटले आणि उरलं फक्त यंत्र.

शंभर आकड्यांची चाचणी

यंत्र हळू आहे म्हणणं वेगळं आणि किती हळू आहे हे मोजणं वेगळं. इथे गटातल्या एका इलेक्ट्रॉनिक्स जाणणाऱ्या बाईंनी जी चाचणी सुचवली, ती या प्रकरणातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे. तिला मोबाइलच्या स्टॉपवॉचखेरीज काहीही लागत नाही.

मारियोच्या पडद्यावर वर उजवीकडे जे घड्याळ आहे ते सेकंद मोजत नाही. त्यातला एक आकडा २४ फ्रेमनंतर उतरतो. फ्रेम म्हणजे यंत्राने एकदा रंगवलेलं पूर्ण चित्र. १-१ सुरू करायचं आणि मारियोला हलवायचंच नाही. पडदा सरकला नाही तर पहिला शत्रूही येत नाही, त्यामुळे तो सुखरूप उभा राहतो. घड्याळ ३९० वर आलं की स्टॉपवॉच दाबायचं, २९० वर आलं की थांबवायचं. शंभर आकडे, २,४०० फ्रेम. अगदी ४०० लाच दाबायला गेलं तर पडदा उघडण्याच्या गडबडीत बोट मागेपुढे होतं, म्हणून दहा आकडे सोडून द्यायचे.

टेबल एक: ४० सेकंदांना थोडे कमी. टेबल दोन: ४८ सेकंद. टेबल तीन: पुन्हा ४० ला थोडे कमी. तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा तेच.

हे आकडे कुठून येतात ते त्याच वेळी फळ्यावर मांडलं गेलं. जपान आणि अमेरिकेत टीव्हीचं चित्र सेकंदाला ६० वेळा रंगतं. त्या हिशोबाने बनलेला फॅमिकॉम सेकंदाला ६०.०९८८ फ्रेम काढतो. २,४०० भागिले ६०.०९८८ म्हणजे ३९.९ सेकंद. आपल्याकडे पाल पद्धत, ६२५ रेषा आणि ५० हर्ट्झ. इथल्या टीव्हीवर रंगीत आणि स्थिर चित्र दिसावं म्हणून इथे विकायच्या नकली यंत्रांत ५० हर्ट्झच्या चिपा घातल्या जात. ती सेकंदाला ५०.००७ फ्रेम काढतात. २,४०० भागिले ५०.००७ म्हणजे ४८ सेकंद. मारियोचं सगळं जग फ्रेमवर चालतं. पूर्ण वेगात तो एका फ्रेममध्ये अडीच पिक्सेल धावतो. टेबल एकवर हे सेकंदाला दीडशे पिक्सेल, टेबल दोनवर सव्वाशे.

युरोपसाठी काढलेल्या आवृत्तीत निन्टेन्डोने धावण्याचा वेग ५० हर्ट्झला जुळवून घेतला होता. टेबल दोनच्या कॅसेटमध्ये मात्र ६० हर्ट्झसाठी लिहिलेलाच प्रोग्रॅम होता. म्हणून तो सरळ सतरा टक्क्यांनी मंद चालत होता.

लहानपणी हे कुणाच्या लक्षात का आलं नाही, हा प्रश्न स्वाभाविक होता. तुलनेला दुसरं यंत्र समोर नसायचं, हे एक कारण. दुसरं कारण आवाजात आहे. रेकॉर्ड हळू फिरवली की गाणं जाडं होतं आणि कान लगेच पकडतो. इथे तसं होत नाही. सुरांची उंची प्रोसेसरच्या घड्याळावर ठरते. ते ६० हर्ट्झच्या यंत्रात १.७९ मेगाहर्ट्झ आणि या नकली ५० हर्ट्झच्या यंत्रांत १.७७ मेगाहर्ट्झ असतं, फरक एक टक्क्याहूनही कमी. लय मात्र फ्रेमवर ठरते, म्हणून ती मंद होते. स्वर तेच, ठेका विलंबित. दोन टेबलांचा आवाज एकापाठोपाठ एक ऐकवला तेव्हा हॉलमधल्या सगळ्यांना ते ऐकू आलं.

पुढे यंत्र उघडून खात्री करता येते. बोर्डावरच्या चिपेवर यूए६५३८ असं छापलेलं असेल तर ते ५० हर्ट्झचं. पुष्कळ यंत्रांत चिपेऐवजी काळा गोळा असतो आणि त्यावर काहीच लिहिलेलं नसतं. मग स्फटिकाचा पत्र्याचा डबा वाचायचा. २१.४७७ म्हणजे ६० हर्ट्झ, २६.६०१ म्हणजे ५० हर्ट्झ. टेबल दोनच्या यंत्रात २६.६०१ निघाला.

"मग स्फटिकच बदलून टाकू," अशी सूचना आली. तसं करून चालत नाही. ५० हर्ट्झची चिप एका फ्रेममध्ये ३१२ रेषा काढते, ६० हर्ट्झची २६२, आणि हे चिपेच्या आत पक्कं असतं. स्फटिक बदलला की प्रोसेसरचं घड्याळ बिघडतं, रंग जातात, टीव्ही चित्र धरत नाही आणि ६० फ्रेमही मिळत नाहीत. बदलायचं तर पूर्ण यंत्रच बदलावं लागतं.

गुणाकाराचा मोह

इथपर्यंत आल्यावर सगळ्यात सोपा वाटणारा तोडगा लगेच पुढे आला. टेबल दोनच्या सगळ्या वेळांना ५०.००७ भागिले ६०.०९८८, म्हणजे ०.८३२ ने गुणा आणि यादी नव्याने लावा. सातपूरच्या काकांचे ४३४ सेकंद गुणले तर ३६१ होतात, ६ मिनिटे १ सेकंद. फ्रेममध्ये पाहिलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. त्यांनी सुमारे २१,७०० फ्रेममध्ये खेळ संपवला, त्या मुलीने सुमारे २२,९०० मध्ये. मारियोच्या हिशोबाने काका बाराशे फ्रेमने पुढे.

हॉलमधल्या निम्म्या लोकांना इथेच न्याय झाला असं वाटलं. तसं वाटणं चूक होतं, आणि ते दाखवून दिलं ते स्वतः काकांनी. "मला प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ मिळाला की," ते म्हणाले.

मुद्दा असा आहे. एखाद्या खड्ड्याच्या कडेला उडी मारण्यासाठी पाच फ्रेमची संधी आहे असं धरा. ६० हर्ट्झवर ती ८३ मिलिसेकंद टिकते, ५० हर्ट्झवर १०० मिलिसेकंद. यंत्र मंद झालं, पण माणसाचा डोळा आणि अंगठा तेवढाच जलद राहिला. म्हणजे टेबल दोनवर घड्याळ खेळाडूच्या विरुद्ध होतं आणि हाताला मात्र सवलत होती. गुणाकार घड्याळाची बाजू दुरुस्त करतो, सवलत तशीच ठेवतो. न गुणता अन्याय काकांवर, गुणून अन्याय त्या मुलीवर. कोणताही एक आकडा दोन्ही बाजू एकदम सावरू शकत नाही.

यात आणखी एक बारकावा आहे, जो वेळेच्या शर्यती खेळणाऱ्यांना ठाऊक असतो आणि बाकीच्यांना चकित करतो. स्टेज संपल्यावर पुढची स्टेज वाटेल त्या क्षणी सुरू होत नाही. आत एक मोजणी सतत चालू असते आणि दर २१ फ्रेमला एकदाच दार उघडतं. तुम्ही दार उघडण्याच्या एक फ्रेम आधी पोहोचा की वीस फ्रेम आधी, पुढची स्टेज एकाच क्षणी मिळते. ६० हर्ट्झवर दोन दारांमधलं अंतर ०.३५ सेकंद, ५० वर ०.४२. शेवटची ८-४ याला अपवाद, कारण तिथे कुऱ्हाडीला हात लागताच वेळ थांबते. त्यामुळे पहिल्या सात स्टेजमधली छोटी घाई पुष्कळदा शून्य होते आणि खरी चुरस ८-४ मध्ये येते. हातातल्या स्टॉपवॉचची चूक दोन-तीन दशांश सेकंद सहज असते. म्हणून या गटात वेळांमध्ये अर्ध्या सेकंदापेक्षा कमी फरक असेल तर तो मोबाइलवर घेतलेल्या चित्रणातल्या फ्रेम मोजूनच ठरवतात. त्या दिवशी तशी वेळ आली नाही.

टेबल तीन: वेग बरोबर, तरी खेळ बिघडलेला

शंभर आकड्यांच्या चाचणीत टेबल तीन निर्दोष ठरलं आणि ते सोडून देण्याच्या बेतात सगळे होते. पण तिथल्या सहापैकी तिघांना खेळ पूर्णच करता आला नव्हता. तिघेही ८-१ आणि ८-२ च्या खड्ड्यांत पडले होते, आणि तिघांनी स्वतंत्रपणे एकच वाक्य उच्चारलं होतं: बटण दाबलं होतं, उडी उशिरा आली.

डबा टीव्ही आलेला सिग्नल जवळपास त्याच क्षणी पडद्यावर काढतो. एलसीडी आधी चित्र साठवतो, मोठं करतो, मग दाखवतो. त्यात या जुन्या यंत्रांचा सिग्नल एका अर्थाने अर्धाच असतो. प्रत्येक वेळी त्याच त्या २४० रेषा, एकाआड एक विणलेल्या नसलेल्या. एलसीडी त्याला विणलेला सिग्नल समजतो आणि दोन चित्रं जोडून एक करण्यात वेळ घालवतो. मधली एचडीएमआयची डबी हेच काम एकदा आधीच करून ठेवते.

हा उशीर मोजायचा असा: यंत्राच्या पिवळ्या पिनेला वाय आकाराची वायर लावून एकच चित्र डबा टीव्ही आणि एलसीडी दोन्हींवर न्यायचं. असं विभागल्याने दोन्ही चित्रं फिकी पडतात, मोजण्यापुरतं चालतं. दोन्ही पडदे शेजारी ठेवून मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांच्या गतीने चित्रण करायचं आणि मारियोला दहा उड्या मारायला लावायच्या. मग चित्रण एकेक चित्र पुढे सरकवत, डब्यावर पाय उचलल्यापासून एलसीडीवर पाय उचलेपर्यंत किती चित्रं गेली ते मोजायचं. एक चित्र म्हणजे ४.१७ मिलिसेकंद.

डबीसह २४ चित्रं, म्हणजे १०० मिलिसेकंद, मारियोच्या सहा फ्रेम. पूर्ण वेगात तो तेवढ्यात १५ पिक्सेल पुढे गेलेला असतो. एक वीट १६ पिक्सेलची. खेळाडू मारियोला जिथे पाहत होता, तिथून तो जवळपास एक अख्खी वीट पुढे होता. डबी काढून पिवळी पिन थेट एलसीडीला लावली तर १७ चित्रं, ७१ मिलिसेकंद. टीव्हीच्या मेनूत गेम मोड लावल्यावर ११ चित्रं, ४६ मिलिसेकंद, म्हणजे अजूनही पावणेतीन फ्रेम. घरी खेळायला हे पुरेसं आहे. माणूस दोन-तीन दिवसांत त्या उशिराला सरावतो आणि आधी दाबायला शिकतो. पण चिठ्ठी टाकून अनोळखी टेबलावर बसवलेल्या खेळाडूला सरावायला २५ मिनिटं पुरत नाहीत.

रिमोट

टेबल दोनच्या रिमोटवर टर्बोची (धरून ठेवलं की आपोआप भराभर दाबली जाणारी) दोन बटणं होती आणि ती स्पर्धेत बंद ठेवायचा नियमच केलेला नव्हता. धावण्यासाठी बी बटण दाबून धरावं लागतं, त्यामुळे जमिनीवर टर्बोचा काही फायदा नाही. पण ८-४ मध्ये एक पाण्याचा भाग आहे आणि तिथे ए चा टर्बो दाबून धरला की मारियो आपोआप हातपाय मारत राहतो. कुणी वापरला नव्हता, हे टेबलावरच्या सगळ्यांनी सांगितलं. दुपारनंतर त्या बटणांवर इन्सुलेशन टेप लावली. तसंच, झिजलेल्या रिमोटवर दिशेच्या बटणाखालचा मधला खुंट गेलेला असेल तर डावं-उजवं एकदम दाबलं जातं. हा खेळ तसं दाबलं जाईल हे गृहीत धरून लिहिलेला नाही, आणि वेळेच्या शर्यतींत ते बाद धरतात. अंगठा बटणाच्या मधोमध जोराने दाबून पाहायचा. बटण आत गेलं तर तो रिमोट बाजूला.

निर्णय

पावणेदोन वाजता सगळे पुन्हा बसले. हातात सव्वातीन तास होते. सगळ्यांनी टेबल एकवर नव्याने खेळावं तर अठरा पंचवीस, साडेसात तास लागले असते. ते शक्य नव्हतं.

ठरलं ते असं. टेबल तीनच्या सगळ्या वेळा रद्द, आणि त्या सहाही जणांना टेबल एकवर पूर्ण २५ मिनिटं. सव्वादोन ते पावणेपाच, हॉल सोडायच्या पंधरा मिनिटं आधी संपतं. टेबल एक आणि पुन्हा खेळलेले सहा मिळून बारा जणांची एक यादी, साठची. टेबल दोनच्या सहा जणांची दुसरी यादी, पन्नासची. दोन्हींत कुठलाही गुणाकार नाही, दोन्हींत पहिला क्रमांक वेगळा. बक्षीस म्हणून ठेवलेली एकच कॅसेट होती. ती कुणालाच न देता गटाकडे ठेवली.

यावर दोन आक्षेप आले आणि दोन्ही दखल घेण्याजोगे होते. टेबल एकवरच्या एकाचं म्हणणं, पुन्हा खेळणाऱ्यांना सकाळच्या २५ मिनिटांचा सराव जास्तीचा मिळाला. खरं आहे. त्याला उत्तर एवढंच देता आलं, की तो सराव उशिराच्या पडद्यावरचा होता आणि त्याने हात बिघडला असण्याचीच शक्यता जास्त. दुसरा आक्षेप टेबल दोनवरच्या एका मुलाचा. तो साठवरच खेळत आलेला, चिठ्ठीने पन्नासवर पडला, आणि आता त्याला आपल्या खऱ्या यादीत जागाच नाही. याला उत्तर नव्हतं. त्याची वेळ पन्नासच्या यादीत राहिली आणि पुढच्या वेळी टेबल निवडायचा पहिला हक्क त्याला दिला गेला.

वेळ संपता संपता काका टेबल एकवर बसले, यादीबाहेर, नुसतं पाहायला. पहिल्या प्रयत्नात १-१ मध्येच दुसऱ्या खड्ड्यात गेले. दुसऱ्यात ४-२ पर्यंत पोहोचले, पण वेलाच्या विटेखाली थांबायला गेले आणि मारियो घसरत पुढे निघून गेला. तीस वर्षांत अंगठ्यात मुरलेलं अंतर पन्नासचं होतं. इथे बोट योग्य क्षणी उठत होतं आणि मारियो त्या क्षणाच्या पुढे गेलेला असे. नव्याने शिकायला हवं, असं कुणीतरी म्हणालं. ते चुकीचं होतं असं नाही, पण सतरा टक्के मंद असलेला मारियो हा नाशिकमधल्या एका अख्ख्या पिढीचा खरा मारियो आहे. त्याला बिघाड म्हणून काढून टाकलं तर त्या पिढीचं कौशल्य मोजायला जागाच उरत नाही. दोन याद्या कायम ठेवायचं ठरलं ते यामुळे.

त्यानंतर बदललेली तयारी

आता स्पर्धेच्या सकाळी प्रत्येक यंत्रावर शंभर आकड्यांची चाचणी होते आणि निकाल त्याच यंत्रावर चिकटपट्टीवर लिहिला जातो: '४०' किंवा '४८'. एका टेबलाला एक मिनिटही लागत नाही. नाव नोंदवतानाच खेळाडू कोणती यादी ते सांगतो आणि चिठ्ठी त्या यादीतल्या टेबलांपुरतीच टाकतात. एलसीडी वापरायचाच झाला तर उशीर एका फ्रेमपेक्षा, म्हणजे चार चित्रांपेक्षा कमी निघाला पाहिजे. आजवर एकही एलसीडी या अटीत बसलेला नाही, म्हणून डबा टीव्हीच आणतात. २१ इंचीचं वजन वीस किलोंच्या पुढे जातं आणि सगळं वजन पुढच्या काचेकडे असतं, म्हणून छोट्या हत्तीत चढवताना काच उचलणाऱ्याच्या छातीकडे धरायची आणि खाली गादी टाकायची.

कॅसेटच्या पिना आदल्या रात्री पांढऱ्या खोडरबराने घासून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसतात. फुंकर मारायची सवय मोडायला वेळ लागला. तोंडातल्या ओलाव्याने पिना काळ्या पडतात आणि पुढच्या वेळी कॅसेट लागायला आणखी त्रास देते. खेळताना लाइट गेली तर तो प्रयत्न मोजत नाहीत आणि गेलेली मिनिटं परत देतात. हॉलच्या जुन्या इन्व्हर्टरवर टेबलं चालवत नाहीत, कारण तिथल्या पुरवठ्यावर चित्रात पट्टे येतात आणि वाद नव्याने सुरू होतो.

पन्नासच्या यादीसाठी दुसरं तसंच यंत्र शोधायचं काम अजून चालू आहे. बुधवारच्या बाजारात दोन मिळाली. एकात रेग्युलेटर जळलेला होता, तो बदलून ते चालू झालं. दुसऱ्याचा स्फटिक वाचला तर २१.४७७ निघाला. ते साठच्या टेबलावर गेलं.